मदत हवी आहे: हूक नॉर्टनची ब्रुअरी, पबमधलं जेवण आणि सोबत आईबाबा

नमस्कार मंडळी,
आम्ही रेडिंगला राहतो, आईबाबा सध्या साताऱ्याहून आलेत आणि मे अखेरच्या बँक हॉलिडेला त्यांना घेऊन ऑक्सफर्डशरमधल्या हूक नॉर्टन गावी तिथली ब्रुअरी (बिअरचा कारखाना) बघायला जायचा विचार आहे. कोणी आपल्या वडीलधाऱ्यांना तिथे नेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

लंडन, बाथ, स्टोनहेंज सगळं दाखवून झालं, बाबा "छान आहे" म्हणतात आणि बाक शोधून बसतात. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्यात गेली, आधी बॉयलरवर, मग मिलला फिटर. परवा सहज त्यांना हूक नॉर्टन ब्रुअरीच्या वाफेच्या इंजिनाचा फोटो दाखवला, 1899 चं इंजिन आहे, तर चष्मा पुसून पुसून झूम करून बघत बसले आणि पहिला प्रश्न, "चालू आहे का अजून?" इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून काहीतरी विचारलं, म्हणून मला ही ट्रिप काहीही करून नीट व्हायला हवीय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ब्रुअरी 1849 पासूनची, आणि आत्ताची इमारत उंच मनोऱ्यासारखी आहे. माल आधी वर चढवायचा, मग भरडलेला माल्ट, गरम पाणी, उकळणं, आंबवणं असं करत सगळं एकेक मजला आपल्या वजनानेच खाली उतरत येतं. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, जवाला मोड आणून वाळवायचं म्हणजे आपलं नाचणीसत्त्वच की! खरंच तेच आहे, माल्ट म्हणजे दुसरं काय.

आता मुख्य अडचण. मनोरा म्हटलं की जिने आलेच, बाबांचे गुडघे 71 वर्षांचे, एक मजला चढतात पण सलग तीन-चार नाही जमायचे. टूरमध्ये मध्ये कुठे टेकायला मिळतं का? सगळे मजले नाही चढले तरी इंजिन बघता येतं का? ते खालीच बसून राहिले तर मग सगळ्याचा उपयोग काय. आणि इंजिन अधूनमधूनच चालवतात असं वाचलंय, बँक हॉलिडेच्या आसपास कोणी चालू बघितलंय का? तिथे अजून शायर घोडे (ओझी ओढणारे भलेमोठे घोडे) आहेत, गावातल्या पबना गाडीतून बिअरची पिंपं पोचवतात, ते सुट्टीच्या दिवशी निदान तबेल्यात तरी बघायला मिळतात का? आईला घोड्यांचं फार आहे.

दुसरं जेवणाचं. गेल्या वर्षी एका दुसऱ्या गावात आम्ही अडीचला पबमध्ये पोचलो तर किचन बंद, संध्याकाळी सहाला उघडणार म्हणाले, आईने चिप्सच्या पाकिटावर दिवस काढला आणि वर मलाच समजावत होती की भूक नव्हतीच. मला ते अजून खुपतं. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. रोस्टची (भाजलेलं मांस आणि भाज्यांचं ताट) ग्रेव्ही मांसाची, बटाटे बऱ्याचदा चरबीत भाजलेले, चिप्स मासे तळलेल्या तेलातच तळलेल्या, म्हणजे विचारल्याशिवाय काहीच मागवता येत नाही. ब्रुअरीजवळच्या पेअर ट्री इनमध्ये किंवा ग्रेट ट्यू गावातल्या फॉकलंड आर्म्स पबमध्ये कोणी असं जेवलंय का? ग्रेट ट्यूची गवताने शाकारलेली घरं आईला आवडतील म्हणून तिकडे जास्त ओढा आहे, पण आधी फोन करून सांगितलं तर ते वेगळं करून देतात का?

बाबा अर्धा पाइंट घेतील, ऑगस्टच्या बँक हॉलिडेला जायचं म्हटलं तर श्रावण आडवा येतो म्हणून आत्ताच. त्यांना गार बिअरची सवय, इथली पिंपातली एल (जुन्या पद्धतीची बिअर) 11-13 अंशांवर देतात हे आधीच सांगून ठेवलंय. गाडी मी चालवणार, त्यामुळे मी अजिबात घेणार नाही. इंग्लंडमध्ये 100 मिली रक्तात 80 मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल गाडी चालवताना चालतं हे माहितीय, पण आईबाबा मागे बसलेले असताना तो हिशोब मला करायचाच नाही. एक शंका मात्र आहे: पिंपातली एल नितळ करायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेलं आयसिंग्लास वापरतात, बाबांचा सोमवारी मांसाहार वर्ज्य आणि बँक हॉलिडे सोमवारीच, तर हूक नॉर्टनची कुठली बिअर त्याशिवाय असते? बाटलीतली वेगळी असते का?

वेळ उरला तर रोलराइट स्टोन्स, म्हणजे वर्तुळात उभे केलेले प्राचीन दगड. राजा आणि त्याचे सैनिक चेटकिणीने दगड केले आणि ते दगड कुणालाच दोनदा सारखे मोजता येत नाहीत अशी गोष्ट आहे, आई नक्की मोजत बसेल.

सकाळी टूर, साडेबाराला जेवण, मग दगड, हा क्रम बरोबर वाटतो का? टूर आणि टेबल दोन्ही शनिवारपर्यंत बुक करायचंय. निदान जिन्यांचं तरी कोणीतरी सांगाच, बाबा रोज सकाळी चहाला विचारतात, "तिकिटं काढलीस का?"