टेबलावरची सही: अँजिओग्राफी आणि स्टेंट यांत एका दिवसाचं अंतर सक्तीचं हवं का?

उंबरठा
माझे मेहुणे, वय 58. चढावर छाती भरून यायची, दोन मिनिटं थांबलं की मोकळी. सहा महिने तेवढंच. बसल्या जागी कधीच नाही. टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी) पॉझिटिव्ह निघाली म्हणून 'नुसती अँजिओग्राफी' करायला नेलं. मनगटात नळी असतानाच डॉक्टर बाहेर आले, ताईला पडद्यावर ब्लॉकेज दाखवलं. "85 टक्के आहे, आत्ताच टाकून घेऊ. नाहीतर कधीही काहीही होऊ शकतं." ताईने सही केली. दोन स्टेंट बसले. मेहुणे आता ठणठणीत आहेत, तक्रार त्याबद्दल नाहीच.

तक्रार त्या 'कधीही काहीही'बद्दल आहे. इस्केमिया नावाची संशोधन-चाचणी 37 देशांत झाली, 5,179 रुग्ण, निकाल 2019 च्या अखेरीस आला. सगळे मेहुण्यांसारखे स्थिर हृदयविकाराचे, म्हणजे अटॅक चालू नसलेले; काहींना तर दुखतही नव्हतं. अर्ध्यांची औषधांच्या जोडीला लगेच अँजिओग्राफी आणि लागेल तो स्टेंट किंवा बायपास. बाकीच्यांना आधी फक्त औषधं. सुमारे तीन वर्षांनंतर मृत्यू आणि अटॅक या हिशेबात दोन्ही गट जवळपास सारखेच. 2007 च्या करेज चाचणीतही हेच दिसलं होतं. कारणही कळण्यासारखं आहे: अटॅक बहुधा चरबीचा थर फुटून वर रक्ताची गुठळी झाल्याने येतो, आणि फुटणारा थर सर्वांत अरुंद जागीच असेल असं नाही. स्टेंट एक जागा उघडतो, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) सगळ्या रक्तवाहिन्यांवर काम करतं.

म्हणून माझं मत: स्थिर दुखण्यात अँजिओग्राफीनंतर 24 तास स्टेंट टाकायला बंदी हवी. घरी जा, झोपा, दुसऱ्या डॉक्टरला सीडी दाखवा. अटॅक चालू असेल तर अर्थातच हा नियम नाही, तिथे एकेक मिनिट मोलाचं.

कोरडवाहू
शहरात बसून नियम करायला सोपं आहे. आमचं गाव कॅथलॅबपासून, म्हणजे अँजिओग्राफी होते तिथून, 90 किलोमीटर. 24 तास थांबायचं म्हणजे रात्र कुठे काढायची, लॉबीत? परत नळी, परत डाय (किडनीला जड जाणारं इंजेक्शन). बाबांचं किडनीचं क्रिएटिनिन आधीच वर.

आणि दीड वर्ष त्यांना गोळ्यांवरच ठेवलं होतं. छातीत दुखलं की घ्यायची सॉर्बिट्रेट खिशात, डोकं दुखतं म्हणून वैतागलेले, विहिरीपर्यंत जायचं तर दोनदा बसायचं. स्टेंटनंतर आठवडाभरात बांधावर. हे तुमच्या चाचणीत कुठल्या रकान्यात मोजलंय?

उंबरठा
मोजलंय. ज्यांना वारंवार दुखत होतं त्यांचं दुखणं स्टेंट-बायपासवाल्या गटात जास्त कमी झालं. ज्यांना दुखतच नव्हतं त्यांना फरक नाही. बाबांचा स्टेंट योग्यच होता. पण तो 'चालता यावं म्हणून' टाकला, 'वाचावेत म्हणून' नव्हे. ताईला हे वाक्य कोणी सांगितलं?

जुईली
दुखणं कमी होतं यातही मनाचा भाग असतो हं. 2017 ची ऑर्बिटा: 200 जण, अर्ध्यांना नुसतंच झोपवलं, स्टेंट टाकलाच नाही. ट्रेडमिलवरच्या वेळेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही.

तालुक्याचा डॉक्टर
जुईली, तिथेच थांबू नका. 2023 च्या ऑर्बिटा-2 मध्ये छातीदुखीच्या गोळ्या बंद करून 301 जणांवर तोच प्रयोग झाला आणि स्टेंटने दुखणं खरंच कमी झालं.

उंबरठा, चाचणी अर्धी वाचून नियम करू नका. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले, इजेक्शन फ्रॅक्शन (हृदयाची पंपिंगची ताकद) 35 टक्क्यांच्या खाली असलेले, यांना इस्केमियात घेतलंच नव्हतं. औषधांच्या गटातल्याही पाचातल्या एकाला पुढे स्टेंट किंवा बायपास लागलं. आणि 'औषधं' म्हणजे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 70 च्या खाली, रोज, आयुष्यभर. माझ्या ओपीडीत तिसऱ्या महिन्यात 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी बंद झालेली असते.

खरी अडचण वेगळीच. पडद्यावर डोळ्यांनी 'टक्के' ठरवणं हा अंदाज आहे. फेम चाचणीत 50 ते 70 टक्के वाटणाऱ्या अडथळ्यांपैकी प्रेशर वायर (अडथळ्याच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजणारी तार) टाकल्यावर जेमतेम 35 टक्केच रक्तपुरवठा अडवणारे निघाले. पलीकडच्या दाबाचं अलीकडच्या दाबाशी गुणोत्तर 0.80 च्या वर आलं तर स्टेंट सहसा लागत नाही. ही वायर टाकायला काही मिनिटं पुरतात, एक दिवस लागत नाही. पॅकेजमध्ये बसत नाही म्हणून टाळली जाते, हे मात्र मी पाहिलंय. (2017 मध्ये सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर बांधली, तेव्हा वाटलं होतं नको तिथे स्टेंट टाकण्याचा प्रश्न संपला.)

मधुमेह आणि तीन धमन्या असतील तर मात्र टेबलावर निर्णय नकोच. 2012 च्या फ्रीडम चाचणीत 1,900 मधुमेही होते, त्यात बायपास सरस ठरली.

थोडक्यात, अंतर सक्तीचं नको. सही आदल्या दिवशी ओपीडीत, बसून घ्या: एक ब्लॉकेज निघालं तर काय, तीन निघाली तर काय.

रेडिंगकर
इंग्लंडमध्ये 2016 पासून नाइसची (उपचारांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची) शिफारसच आहे की अशा दुखण्यात आधी सीटी अँजिओग्राफी (नळी न घालता, स्कॅनवर) करा. मनगटात नळी घालायच्या आधीच चित्र हातात, त्यामुळे टेबलावर धक्का बसत नाही. तोटा एकच, माझा नंबर लागेपर्यंत अकरा आठवडे गेले. तेवढ्यात गोळ्यांनी दुखायचं थांबलं होतं :)

निवृत्त नाना
लसूण, आलं, लिंबू, अ‍ॅपल सायडर व्हिनेगर आणि मध. माझ्या मित्राचं 90 टक्के ब्लॉकेज विरघळलं.

तालुक्याचा डॉक्टर
नाना, काढ्याने ब्लॉकेज विरघळत नाही. खुशाल प्या, पण क्लोपिडोग्रेल (गुठळी होऊ न देणारी गोळी) मनाने सोडून नव्हे. ती सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. असा एक पेशंट रात्री दोनला आला होता.

उंबरठा
कोरडवाहू, लॉबीतल्या रात्रीचा मुद्दा मी धरलाच नव्हता. सक्ती मागे घेतो.

पण डॉक्टर, तुमची 'आधी सही'. काल मेहुण्यांची फाईल काढली. ती सही आहेच. सकाळी सातची, चौथ्या पानावर, इंग्रजीत: गरज वाटल्यास त्याच वेळी अँजिओप्लास्टीला, म्हणजे स्टेंटला, संमती. ताई मराठी शाळेतली बाई. तिला हे पानच आठवत नाही.

कोरडवाहू
आमचीही फाईल पत्र्याच्या पेटीत आहे. रविवारी गावी जातोय, चौथं पान बघतो.