शेवगा पावडर, बी६ अन् खाजकुयलीनं प्रोलॅक्टिन उतरतं का?

होटगीरोडकर: बहिणीची पाळी चार महिने झालं मागंपुढं होतीये म्हणून टेस्ट केल्या, टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) १२ अन् प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) ३८ आलं. डॉक्टरांनी थायरॉईडची गोळी चालू केली पण प्रोलॅक्टिनला काहीच दिलं नाही. आता मामी म्हणतायत शेवग्याच्या पाल्याची पावडर, बी६ जीवनसत्त्व अन् खाजकुयलीचं चूर्ण घे, झाडपाल्याचंच आहे, अपाय नाही. खरं का ओ? लई टेन्शन आलंय.

लॅबताई: दादा, दोन्ही आकडे एकाच कारणानं वाढू शकतात. थायरॉईड कमी पडलं की मेंदूतनं टीआरएच नावाचं हार्मोन जास्त सुटतं अन् ते पिट्युटरीला (मेंदूखालच्या ग्रंथीला) टीएसएचसोबत प्रोलॅक्टिन पण सोडायला लावतं. टीएसएच जागेवर आलं की बऱ्याचदा प्रोलॅक्टिन आपोआप उतरतं, म्हणून वेगळं औषध दिलं नसेल. अजून एक, केसांसाठी बायोटिनची (एक ब जीवनसत्त्व) गोळी चालू आहे का बघा, मोठ्या डोसनं टीएसएचचा रिपोर्ट खोटा कमी येऊ शकतो.

भाकरी_शेंगाचटणी: प्रोलॅक्टिनला ब्रेक लावतं मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन, अन् डोपामिन बनायला बी६ लागतं, म्हणून १९७० च्या दशकात बाळंतिणीचं दूध थांबवायला बी६ चे मोठे डोस देऊन बघितले होते पण पुढच्या चाचण्यांत तसा भरवसा राहिला नाही. उलट मोठा डोस महिनोन्‌महिने घेतला तर हातापायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो. माझ्या आईला तसं झालंय म्हणून कळकळीनं सांगतो. खाजकुयलीच्या बियांत तर एल-डोपा असतं, ज्याचं अंगात डोपामिन बनतं, पार्किन्सनच्या गोळीत असतं तेच! त्यानं प्रोलॅक्टिन खरंच खाली येतं, पण मग मूळ कारण झाकून जाईल अन् डॉक्टर चुकीच्या आकड्यावर निर्णय घेतील.

पाल्याची_भाजी: शेवग्यातल्या कॅरोटीनपासनं अ जीवनसत्त्व बनतं अन् त्याचं रेटिनॉइक आम्ल पिट्युटरीत टीएसएचचं जीन दाबतं हे खरंय. बेक्सारोटिन नावाचं याच कुळातलं कॅन्सरचं औषध घेणाऱ्यांचं टीएसएच पार खाली जाऊन थायरॉईडच बंद पडल्यासारखं होतं, हे १९९९ ला छापून आलंय. पण पाल्याची गोष्ट वेगळी, अन्नातलं १२ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीन म्हणजे जेमतेम १ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व, त्यात थायरॉईड कमी असलं की हे रूपांतर अजून मंदावतं. भाकरीसोबत भाजी खुशाल खाऊ द्या की, फक्त शेवग्यात कॅल्शियम भरपूर, म्हणून थायरॉईडच्या गोळीनंतर चार तास तरी पावडर नको.

होटगीरोडकर: लॅबताई, आत्ता डबी बघितली, केसांच्या गोळीत बायोटिन १० मिलिग्रॅम आहे!! म्हणजे टीएसएच १२ पेक्षा जास्त असू शकतं का?

लॅबताई: हो, असू शकतं. ती डबी घेऊनच उद्या डॉक्टरांना भेटा, अन् पुढच्या टेस्टच्या आधी केसांची गोळी किती दिवस बंद ठेवायची ते विचारा. चूर्ण चालू केलं असेल तर तेही सांगा, लपवू नका.