माळवदाच्या तुळया: वाळवी आणि कुज यांवर एकत्रित उपचार कोणता करावा?

तेरणाकाठ:
नमस्कार. धाराशिव जिल्ह्यातील आमच्या गावी आजोबांच्या काळातील माळवदाचे (मातीच्या सपाट छताचे) घर आहे. खांब आणि तुळया सागवानी आहेत, मात्र वरच्या कड्या व किलचा (कड्यांवर अंथरलेल्या बारीक लाकडी पट्ट्या) लिंबाच्या आणि बाभळीच्या आहेत. गेल्या पावसाळ्यात पन्हळ तुंबल्यामुळे उत्तरेकडच्या भिंतीत पाणी मुरले आणि भिंतीत गेलेली तुळयांची टोके काळी पडली. एका खांबावर वाळवीच्या मातीच्या नळ्याही दिसतात. गावातील मंडळी जळके ऑइल फासायला सांगतात, रंगाचा दुकानदार वाळवीचे औषध मारून वर ऑइलपेंट द्यायला सांगतो, तर कुणी मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) सुचवतो. यांपैकी काय निवडावे, की दोन उपाय एकत्र करावेत, आणि कोणत्या क्रमाने?

बालाघाट:
जळके ऑइल राहत्या घरात तरी लावू नये. त्यात इंजिनातील धातूंचे अंश असतात, वास महिनोन्महिने जात नाही आणि लाकूड लवकर पेट घेते. ऑइलपेंटही आत्ता नको. ओल आत असताना वरून रंग दिला तर ती आतच कोंडते आणि कुज वाढते.

सुतारकी:
बालाघाट यांच्याशी सहमत आहे. कुजवणारी बुरशी साधारणपणे लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला तरच फोफावते, त्यामुळे पन्हळ मोकळी करणे, माळवदावरील पांढऱ्या मातीचा थर नव्याने चोपून त्याला उतार देणे आणि भिंत पूर्ण वाळू देणे, हे झाल्याशिवाय कोणत्याही औषधावर पैसे घालू नयेत. तोवर काळ्या टोकांची परीक्षा करून घ्या. लाकडी हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज आला, किंवा स्क्रू ड्रायव्हर सहज आत रुतला, तर तिथे औषधाचा उपयोग नाही; खाली टेकू देऊन जाणत्या सुताराकडून तेवढा भाग बदलून घ्यावा, कारण माळवदाच्या मातीचे वजन अफाट असते.

उरलेल्या सशक्त लाकडासाठी टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडर यांचे मिश्रण मला सर्वांत योग्य वाटते. दहा लिटर गरम पाण्यात ३०० ग्रॅम टाकणखार व २०० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवली की सुमारे पाच टक्क्यांचे द्रावण होते. दोन्ही एकत्र असली की एकेकट्यापेक्षा चांगली विरघळतात. ते बुरशी आणि कीड दोहोंवर चालते. ब्रशाने दोन-तीन हात द्यावेत, एक हात सुकण्याआधीच दुसरा द्यावा आणि नंतर काही दिवस प्लास्टिकने झाकून ठेवावे, म्हणजे ओलाव्याच्या वाटेने क्षार आत झिरपतो. तुळईचे कापलेले टोक मोकळे झाले असेल तर तिथे सढळ हाताने लावा, कारण पाणी तिथूनच सर्वाधिक शोषले जाते. सागाचा गाभा औषध फारसे घेत नाही आणि त्याला त्याची गरजही कमी असते. पांढरा कच्चा भाग आणि लिंबाच्या कड्या मात्र सोडू नका.

या क्षाराचा दोष असा की तो लाकडात पक्का बसत नाही, पावसाच्या पाण्याने धुऊन जातो. म्हणून दुसरा उपचार लागतो: लाकूड पूर्ण वाळल्यावर जवसाच्या उकळलेल्या तेलाचे पातळ हात. मार्चमध्ये क्षार, मग एप्रिलभर सुकवणे आणि मेच्या अखेरीपर्यंत, म्हणजे मृगाच्या आधी, तेल, असा क्रम आपल्याकडच्या उन्हाळ्याला बरोबर जुळतो. वाळवी जमिनीतून येते, त्यामुळे खांबाच्या तळखड्याभोवतीच्या (खांबाखालच्या दगडाभोवतीच्या) मातीवर स्वतंत्र उपचार करून घ्यावा लागेल. नुसते लाकूड माखून ती थांबत नाही.

तेरणाकाठ:
मनःपूर्वक आभार. मोरचुदाविषयी आपण काही लिहिले नाही. शेतात बोर्डो मिश्रणासाठी आणलेला थोडा शिल्लक आहे, तो याच द्रावणात टाकावा का?

सुतारकी:
टाकू नये. तांबे बुरशीवर उत्तम चालते, पण नुसते मोरचुदाचे पाणी लोखंडी खिळे खाते आणि पावसात धुऊन जाते. ते लाकडात पक्के बसवण्यासाठी डायक्रोमेट, म्हणजे क्रोमियमचा क्षार, लागतो. १९३३ मध्ये देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचा संयोग सिद्ध केला, तो पुढे जगभर खांबांसाठी वापरला गेला. आर्सेनिकच्या जागी बोरॉन घेतलेला प्रकारही आहे. परंतु हे काम कारखान्यात, बंद टाकीत दाब देऊन करायचे असते. डायक्रोमेट कर्करोगकारक आहे आणि आर्सेनिकच्या प्रकाराचा घरगुती वापर अमेरिकेतील उत्पादकांनी २००३ अखेर थांबवला. कुंपणाला नवे खांब लागणार असतील तर असे प्रक्रिया केलेले लाकूड विकत घ्या, पण त्याचे तुकडे चुलीत घालू नका.

बालाघाट:
एक पुरवणी: जवसाच्या तेलाने माखलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेटू शकतो, विशेषतः मे महिन्यात. फडकी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा किंवा अंगणात एकेक पसरून वाळवा.