दिव्यांग मुलाचा भत्ता : विभक्त आईवडिलांत वाटायचा की एकाच्याच हाती ठेवायचा?

उंबरठा (धागा मांडणारी) :
दिव्यांगत्वामुळे ज्या मुलाला शासनाकडून भत्ता मिळतो, त्याचे आईवडील वेगळे झाल्यावर तो भत्ता कोणी घ्यावा, याविषयी माझे मत मी आधीच सांगून टाकते. ज्या पालकावर रोजच्या देखभालीचा मुख्य भार आहे, त्याच्याकडेच तो पूर्ण जावा. मूल कोणाकडे किती रात्री झोपले हे मोजून भत्त्याचे तुकडे पाडू नयेत. हा पैसा अन्नवस्त्रासाठी नसतो. त्याच वयाच्या इतर मुलांना जो खर्च आणि जो वेळ लागत नाही, त्यासाठी तो असतो, आणि हा जादा खर्च दिवसांच्या हिशेबाने विभागला जात नाही. मूल शनिवार-रविवार दुसऱ्या घरी राहिले म्हणून सोमवारच्या फिजिओथेरपीची फी कमी होत नाही, की फेरतपासणीचे अर्ज भरण्यात जाणारी दुपार वाचत नाही.

ब्रिटनमध्ये (स्कॉटलंड वगळता) सोळा वर्षांखालील मुलांचा डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स मुलाच्या वतीने एकाच प्रौढाच्या हाती दिला जातो. आठवड्याला किमान ३५ तास देखभाल करणाऱ्यासाठी असलेला काळजीवाहक भत्ताही एका मुलामागे एकाच व्यक्तीला मिळतो. शिवाय तिथल्या सरकारी सूत्रानुसार, मूल वर्षात किमान ५२ रात्री निर्वाहखर्च देणाऱ्या पालकाकडे राहिले की त्याने द्यायची निर्वाहाची रक्कम एक सप्तमांशाने कमी होते, आणि १०४ रात्रींपासून दोन सप्तमांशाने. म्हणजे रात्रींची वजावट तिथे एकदा झालेली असते. तीच वजावट भत्त्यातून पुन्हा कशासाठी करायची?

दुसरे घर :
ताईंशी मी सहमत नाही, आणि हे वैतागून लिहीत नाही. माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे आणि ती आठवड्यातल्या तीन रात्री माझ्याकडे असते. त्या रात्रींत मला दोनदा उठून तिची कूस बदलावी लागते. आपण ज्या ब्रिटिश भत्त्याचा दाखला दिला, त्याचा सर्वांत वरचा दर देखभालीची गरज दिवसा आणि रात्री अशी दोन्ही वेळी असेल तेव्हा मिळतो. रात्रीची जाग दर ठरवताना मोजायची, आणि पैसे देताना मात्र ‘रात्री मोजू नयेत’ असे म्हणायचे, हे मला पटत नाही.

वस्तूंचे म्हणाल, तर स्नानगृहातले कठडे, अंघोळीची खुर्ची आणि बाजूला कठडा असलेला पलंग या गोष्टी पिशवीत भरून इकडून तिकडे नेता येत नाहीत. त्या दोन्ही घरांत लागतात. कॅनडात मूल प्रत्येक पालकाकडे ४० ते ६० टक्के वेळ राहत असेल, तर बालभत्ता आणि त्याला जोडलेला दिव्यांग बालकांचा भत्ता दोघांना निम्मा-निम्मा मिळतो. ऑस्ट्रेलियातही देखभाल वाटून घेतलेली असल्यास काळजीवाहकाचा भत्ता वाटून देता येतो. तेव्हा अशी वाटणी अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

जमाखर्च :
दोघांच्याही मांडणीत एकेक दुरुस्ती हवी. कॅनडातली ‘निम्मी’ रक्कम एकाच आकड्याची निम्मी नसते. मूल पूर्णपणे आपल्याकडे असते तर त्या पालकाला स्वतःच्या उत्पन्नानुसार जितके मिळाले असते, त्याच्या निम्मे त्याला मिळते. एका पालकाचे उत्पन्न मोठे असेल तर त्याचा हिस्सा घटतो, आणि दोन्ही हिस्से मिळून कमी उत्पन्नाच्या पालकाला एकट्याला मिळू शकणाऱ्या रकमेपेक्षा कमी भरतात. वाटणीत तोटा झाला तर तो मुलाचा होतो.

दुसरी दुरुस्ती धागाकर्त्या ताईंच्या गृहीतकाला आहे. हा पैसा अन्नवस्त्रासाठी नसतो, हे ब्रिटिश भत्त्याबाबत खरे आहे, सगळीकडे नाही. अमेरिकेतले सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम हे गरजू कुटुंबातल्या दिव्यांग मुलाचे किमान उत्पन्न असते. ते ज्या प्रतिनिधीच्या हाती जाते, त्याने आधी मुलाचे अन्न, निवारा आणि उपचार यांवर खर्च करायचा असतो आणि हिशेब ठेवायचा असतो. तिथे मुलासाठी आलेला निर्वाहखर्च मुलाचेच उत्पन्न मानला जातो आणि त्यातला फक्त एक तृतीयांश वगळला जातो. दोघांनी आपापसांत ठरवून रक्कम इकडून तिकडे वळवली, तर भत्ताच कमी होऊ शकतो. म्हणून आपल्या देशात हा पैसा जादा खर्चाची भरपाई म्हणून मिळतो की किमान उत्पन्न म्हणून, हे आधी पाहावे आणि मग भांडावे.

उंबरठा :
ही दुरुस्ती मला मान्य आहे. मी एका प्रकारच्या भत्त्यावरून सगळ्यांविषयी बोलले. पलंग आणि कठड्यांचा मुद्दाही मान्य आहे. मात्र त्यावर उपाय म्हणून वाटणी मला पटत नाही. भत्ता एकाच खात्यात यावा, दोन्ही घरांत लागणाऱ्या वस्तूंची यादी लेखी करावी आणि त्या यादीचा खर्च त्यातूनच व्हावा.

दुसरे घर :
म्हणजे मी पावत्या पाठवायच्या आणि मंजुरीची वाट पाहायची! ज्या व्यक्तीपासून मी वेगळा झालो, तिच्याकडे माझ्या मुलीच्या खुर्चीसाठी दरवेळी हात पसरण्यापेक्षा मला कमी का होईना, पण स्वतंत्र हिस्सा चालेल. हात पसरणे म्हणजे काय, हे एकाच खात्याचा आग्रह धरणाऱ्यांना सहसा अनुभवावे लागत नाही.

टेबलापलीकडून :
मी अशा कुटुंबांना अर्ज भरण्यात मदत करतो, आणि माझी चिंता निराळी आहे. वाद तापला की दोन पालक मूल्यमापनाच्या वेळी दोन वेगळी चित्रे रंगवतात. आई लिहिते की मुलाला घास भरवावा लागतो. वडील सांगतात की तो स्वतः जेवतो. अनेकदा दोघेही खरे बोलत असतात. स्वमग्न मूल परिचित घरात जे करते ते दुसऱ्या घरात करीत नाही, आणि ज्याच्याकडे ते दोनच दिवस असते त्याला त्याचे चांगले दिवस तरी दिसतात किंवा केवळ वाईट तरी. कागदावर मात्र ती विसंगती ठरते, आणि संशयाने पाहिला गेलेला अर्ज पुन्हा उभा करायला महिने जातात. म्हणून वाटणीचे काहीही ठरो, रोजच्या देखभालीची नोंदवही दोन्ही घरांत ठेवावी, आणि फेरतपासणीपूर्वी दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून वाचाव्यात. बोलणे बंद असेल तर तिसऱ्या कोणाला तरी मध्ये घ्यावे.

ज्याच्या नावाने :
वरचे सगळे प्रतिसाद पालकांच्या किंवा त्यांच्या मदतनिसांच्या बाजूने आहेत, म्हणून लिहितो. मी दोन घरांत वाढलो आणि भत्ता माझ्या नावाने येत असे. तो कोणाच्या खात्यात जातो हे मला कधी कळले नाही. कळले ते इतकेच, की माझी चांगली व्हीलचेअर एका घरात राहायची आणि दुसऱ्या घरात मला उचलून नेले जायचे. अकराव्या वर्षी मला ते लाजिरवाणे वाटू लागले होते, पण विचारले कोणीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातले सातवे कलम सांगते की, दिव्यांग मुलाला स्वतःशी संबंधित बाबींवर मत मांडण्याचा हक्क आहे आणि ते मांडण्यासाठी त्याला साहाय्य मिळाले पाहिजे. दोन्ही घरांत काय हवे याची यादी करायला बसाल तेव्हा मुलाला शेजारी बसवा. मला विचारले असते तर मी पहिल्या ओळीत दुसरी खुर्ची लिहिली असती.

दुसरे घर :
हे वाचल्यावर माझ्या मुलीच्या यादीचा कागद मी तिच्याच हाती देणार आहे, आणि तिच्या आईलाही तसे कळवतो. रात्रींच्या हिशेबावर मात्र माझे म्हणणे मी सोडलेले नाही.

उंबरठा :
मीही सोडलेले नाही. तिच्या यादीत काय येते ते इथे अवश्य लिहा.