भुताच्या घरात गोष्ट दिसली का? : हॅलोविन मेझचे अनुभव

ऑक्टोबर लागला की हॅलोविन या भुताखेतांच्या सणासाठी अमेरिकेतल्या मोठ्या पार्कांत रात्रीची वेगळी तिकिटं निघतात आणि धडधाकट माणसं मेझच्या, म्हणजे चालत फिरायच्या भुताच्या घराच्या, अंधाऱ्या बोळात शिरण्यासाठी दीड-दोन तास रांगेत उभी राहतात. त्यातली एक मी. नवरा बाहेर चुरोस खात बसतो. दचकण्याबद्दल मला काही विचारायचं नाही, भॉक् तर माझी चार वर्षांची भाचीही करते. ते घर कुणाचं होतं, तिथे काय घडून गेलं होतं, हे तुम्हाला चालता चालता कळलं का? आणि कशावरून कळलं? तेवढं खाली प्रतिक्रियेत लिहा. पार्क कुठलंही चालेल.

सुरुवात मीच करते. ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल पार्कमध्ये १९९१ साली 'फ्राइट नाइट्स' या नावाने हा प्रकार सुरू झाला तेव्हा एकच घर होतं, आता दहा असतात. काही गाजलेल्या सिनेमांवरची, काही त्यांच्या स्वतःच्या कथांची. सिनेमावाली मी शेवटी ठेवते. तिथे गोष्ट आधीच ठाऊक असते, आपण फक्त हा प्रसंग आला, तो आला असं करत हजेरी घेतो. २०२२ साली 'डेड मॅन्स पिअर' नावाचं त्यांचं स्वतःच्या कथेचं घर होतं. अमेरिकेच्या ईशान्येचं, न्यू इंग्लंडकडचं कोळ्यांचं गाव, आणि बुडालेले खलाशी परत आलेले. आत पाऊल टाकलं आणि छताखाली आहोत हेच विसरले. धुकं, लाकडी घरं, दोर, जाळी. माझं आजोळ हर्णैचं, त्यामुळे जाळी कशी वाळत घालतात हे बघायची खोड आहे. कुणीही अंगावर आलं नव्हतं, तरी पोटात खड्डा पडला. एवढं बंदर आणि एक माणूस नाही! सुक्या बोंबलाचा वास तेवढा राहिला.

डोंबिवली फास्ट नाही स्लो

आमचं पार्क नॉट्स बेरी फार्म, ब्यूना पार्क, कॅलिफोर्निया. तिथलं हॅलोविन १९७३ पासूनचं, म्हणजे या धंद्यातलं जुनं घराणं. पण मेझपेक्षा मला रस्ता जास्त आवडतो. वॉल्टर नॉटने १९४० मध्ये तिथे 'घोस्ट टाउन', म्हणजे ओस पडलेल्या जुन्या गावासारखं गाव, उभारायला घेतलं ते भुतांसाठी नव्हे. बायकोच्या हातचं तळलेलं चिकन खायला इतकी गर्दी व्हायची, की ताटकळणाऱ्या लोकांना बघायला काहीतरी हवं होतं. काही घरं खऱ्या ओस पडलेल्या गावांतून उचलून आणलेली. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये नवा सेट लावावाच लागत नाही. धुकं सोडलं की काम झालं. दिवसा मुलांना आइस्क्रीम घेऊन दिलेला तोच कोपरा रात्री ओळखू येत नाही. मग धुक्यातून कुणीतरी गुडघ्यांवर घसरत येतो, गुडघ्यांच्या पत्र्यातून ठिणग्या उडतात. त्यांना स्लायडर म्हणतात. आधी खर्रर्र आवाज येतो, माणूस नंतर दिसतो. मधले दोन सेकंद वाईट.

उगाच खुसपट

गोष्ट वगैरे सगळं झूट आहे. मी एका पार्कात (नाव नको) नव्वद मिनिटं उभा राहिलो आणि चार मिनिटांत बाहेर पडलो. पूर्ण वेळ समोरच्या काकांचा जांभळा शर्ट बघितला. माळेसारखी माणसं आत सोडतात, पुढच्याला दचकवलं की मागच्यांना आधीच कळतं. बाहेर फलकावर गोष्ट लिहिली होती म्हणे. मी त्या वेळी पार्किंगची पावती शोधत होतो.

पडद्यामागचा

खुसपटराव, तुमचं खोटं नाही. मी विद्यार्थी असताना एका ऑक्टोबरात असल्याच एका मेझमध्ये भूत होतो. त्या माळेचाच विचार करून सगळं बसवलेलं असतं. पहिला नियम, कुणाला हात लावायचा नाही. दुसरा, घाबरवायचं ते पुढच्या दिशेने, म्हणजे लोक पुढे पळतात. समोरून आडवं गेलं की रांग तुंबते आणि सुपरवायझर येतो. तिसरा, नजर एकीकडे न्यायची. डावीकडे सांगाडा हलतो, सगळे तिकडे बघतात आणि मी उजवीकडच्या काळ्या पडद्यातून बाहेर. पायाखाली बटण असायचं, ते दाबलं की आवाज आणि उजेड एकदम. आम्ही दोन गट आळीपाळीने काम करायचो, नाहीतर घसा तासाभरात जातो. खिशात कायम खडीसाखर.

आता गोष्टीचं. मला कागदावर पाच-सहा ओळी दिल्या होत्या. मी खाटकाचा शिकाऊ पोरगा, मालकाने मला गोदामात कोंडलंय आणि येणारा प्रत्येकजण मालकच आहे असं मला वाटतं. हे एकाही गिऱ्हाइकाला कळणं शक्य नव्हतं. पण पहिले दोन दिवस मी नुसता ओरडत होतो, तिसऱ्या दिवसापासून आधी भिंतीला चिकटून अंग चोरायला लागलो आणि मग झेपावायला. एक बाई थांबून म्हणाली, "आर यू ओके?" मी कॅरेक्टर सोडून "येस मॅम" म्हणालो. त्यावर बोलणी बसली.

तेलोक ब्लांगा

सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्ये २०११ पासून हे चालतं आणि इथली खासियत म्हणजे भुतं इथलीच. २०१६ मध्ये हॉकर सेंटरवर घर होतं. रोज जिथे आपण जेवतो तीच गाड्यांची ओळ, पण सडलेली. नंतर आठवडाभर मला नूडल्स गेल्या नाहीत. २०१८ ला पोंतियानाक होती. बाळंतपणात मेलेली बाई, केळीच्या झाडाशी राहते, आणि ती जवळ आली की म्हणे आधी चाफ्याचा वास येतो. बरोबरचे युरोपियन सहकारी मजेत चालले होते. मला मात्र चाफ्याचा वास आला. खरंच सोडला होता की माझ्याच डोक्यात होता, अजून सांगता येत नाही. कुडाळला आमच्या परसात चाफाही आहे आणि केळीही. आईला फोनवर सांगितलं तर तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे अळवंतीणच ना गो?"

निनावी बरं

एक वेगळी गोष्ट. 'वेड्यांचं इस्पितळ' ही थीम मला सहन होत नाही. माझा मामा दोन वर्षं अशा ठिकाणी होता आणि तिथे घाबरलेला असा तोच होता. २०१६ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका पार्कने असा एक आभासी खेळ काढला होता. मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्यांनी हरकत घेतल्यावर आधी नाव बदललं, मग तो बंदच केला. मेझ मला आवडतात. फक्त फलकावर पलंगाला बांधलेला माणूस दिसला की मी पुढच्या घराकडे जाते.

जत्रावाला

तुम्ही सगळे परदेशचे. आमच्याकडे जत्रेत भूतबंगला यायचा. पत्र्याची शेड, बाहेर लाल जिभेची बाई रंगवलेली, आत मिट्ट काळोख आणि रॉकेलचा वास. गोष्ट शून्य. एकजण ओला झाडू मानेवरून फिरवायचा, दुसरा कवटी पुढे करायचा. आम्ही भाऊ-बहीण किंचाळत बाहेर आलो तर तोच कवटीवाला मागच्या बाजूला आलेला, कवटी काखेत मारून कटिंग पीत होता. बहिणीने त्याला विचारलं, "काका, ही कुणाची?" तो म्हणाला, "माझ्या आधी जो होता त्याची." ती त्या रात्री झोपली नाही.