बाबांना जपानला न्यायचंय. विमानतळावर सांगू की आधी?

प्रतापनगरची लेक (बडोदा)

नमस्कार मंडळी. जरा घरगुती प्रश्न आहे, पण इथे वडीलधाऱ्यांना घेऊन फिरलेले बरेच जण आहेत म्हणून विचारते.

माझे बाबा पश्चिम रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बरीच वर्षं प्रतापनगर-डभोईच्या नॅरोगेजवर गेली. १८६२ साली डभोई ते मियागाम रूळ पडले आणि सुरुवातीला त्यावरून गाड्या बैलांनी ओढल्या, ही गोष्ट मी शाळेत जायच्या आधीपासून त्यांच्या तोंडून ऐकत आलेय. आता सत्तरी ओलांडली, पण संध्याकाळी फिरायला निघाले की पाय बुलेट ट्रेनच्या खांबांकडेच वळतात. काम कुठवर आलं, आज कुठे काय नवीन बसवलं, हे घरी आल्याबरोबर आईला सांगितल्याशिवाय चहा घेत नाहीत. एकदा जेवताना म्हणाले, "आपण ज्यांच्याकडून हे शिकतोय त्यांची गाडी एकदा बघायला हवी होती." मागणं असं त्यांनी आयुष्यात काही मागितलं नाही. एवढं वाक्यही आमच्या घरात पुष्कळ आहे.

तर मी नोव्हेंबरअखेरची तिकिटं काढली आहेत. बडोद्याहून दिल्ली, दिल्लीहून टोकियो. बाबा, आई आणि मी. दोघांचे पासपोर्ट २०१९ मध्ये भावाकडे मस्कतला जायचं म्हणून काढले होते. मग कोरोना आला आणि ते जाणं राहिलंच. दोन्ही पासपोर्ट कोरे आहेत आणि आईच्या कपाटात आहेत.

अडलंय ते आईपाशी. तिचं म्हणणं, यांना फक्त दिल्लीला आत्याकडे जायचं सांगू आणि विमानतळावर एकदम जपान. मी तिला नाही म्हणू धजत नाही. रात्री-अपरात्री ड्यूटीवर बोलवायला कॉलबॉय दार वाजवायचा तेव्हा उठून डबा भरणारी ती. सणाच्या दिवशी ड्यूटी लागली तर पुरणपोळी झाकून बसणारी ती. या माणसाला एकदा अवाक झालेलं बघायचा तिचा हक्क आहे असं मला मनापासून वाटतं.

पण बाबा आदल्या रात्री बुटांना पॉलिश करून, लाइन बॉक्स (गार्डाच्या सामानाची पेटी) तपासून, झंड्यांच्या घड्या घालून मग झोपणारे. ज्याला तयारीच करू दिली नाही असा प्रवास त्यांना आवडेल का? शिवाय मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. व्हिसा वगैरे त्यांच्या नकळत होऊ तरी शकतं का?

खंडेराव मार्केट (बडोदा)

मी प्रवासाच्या कागदपत्रांचं काम करते, म्हणून आधी कोरडं उत्तर. नकळत होणार नाही. व्हिसाच्या अर्जावर सही बाबांचीच लागते आणि ती पासपोर्टवरच्या सहीशी जुळावी लागते. तुम्ही करू नका, आईलाही करू देऊ नका, आणि "बँकेचा कागद आहे, इथे सही करा" असंही करू नका. गार्डाची नोकरी केलेला माणूस न वाचता सही करत नाही.

खर्च तुम्ही करणार असाल तर तुमची बँकेची विवरणं, आयकर विवरणपत्रं आणि तुम्ही त्यांची मुलगी असल्याचा पुरावा लागेल. दिवसागणिक कुठे राहणार, त्याचा तक्ताही. निवृत्त असल्यामुळे खात्याची परवानगी लागत नाही, पेन्शनची कागदं पुरतात.

विम्यात मधुमेह स्पष्ट लिहा. दडवलेला आजार निघाला तर दावा नाकारला जाऊ शकतो, आणि परदेशातलं हॉस्पिटलचं बिल फार मोठं असतं. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकलं तर गोठण्याची भीती. सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी. जपानमध्ये स्वतःपुरती, महिनाभराची औषधं नेता येतात, त्याहून जास्त असतील तर आधी परवाना काढावा लागतो. सूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या काही गोळ्या आणि कोडीनची खोकल्याची औषधं यांचे नियम तिथे फार कडक आहेत. घरातल्या डब्यातून उचलून काहीही भरू नका.

आणि नोव्हेंबर म्हणालात म्हणून आठवण. हयातीचा दाखला त्याच महिन्यात द्यायचा असतो. मोबाइलवर चेहरा दाखवून घरूनच होतो. निघायच्या आधी करून टाका, नाहीतर बाबांचं निम्मं लक्ष पेन्शनमध्ये राहील.

थोरली सून (इंदूर)

मी आईंच्या बाजूने बोलते! आमच्या सासूबाईंना सिंगापूरचं आम्ही मुंबईच्या विमानतळावर सांगितलं. सही त्यांनी केली होती, पण यजमान म्हणाले होते की कधीतरी जायचं म्हणून व्हिसा काढून ठेवतोय, आणि त्या विसरूनही गेल्या होत्या. पाटी वाचून त्यांनी माझा हात असा धरला की चढेपर्यंत सोडला नाही. मग विमानात बसल्या-बसल्या राजवाड्याजवळच्या त्यांच्या भजनी मंडळातल्या एकेकीचं नाव घेऊन "हिला सांगीन, तिला सांगीन" चाललं होतं.

पण आमच्या सासूबाई म्हणजे पिशवीत एक साडी घालून उज्जैनला निघणाऱ्या. त्यांना तयारीचं ओझं वाटतं. तुमच्या बाबांचं लिहिलंय ते वाचून मला आमचे आजोबा आठवले. त्यांना तिकीट हातात आल्यापासून गाडी सुटेपर्यंतचे दिवसच जास्त गोड लागायचे. माणूस बघून ठरवावं लागतं, आणि तुम्ही त्यांना नीट पाहिलंय.

व्हीलचेअरची मदत मात्र बुकिंगच्या वेळीच मागा. चालता येत असलं तरी मागा. दिल्लीला चालणं पुष्कळ आहे.

सबलगढ पॅसेंजर (ग्वाल्हेर)

बाळ, मी पण नॅरोगेजचाच. ग्वाल्हेर-श्योपुर, दोन फुटी रूळ, जवळपास दोनशे किलोमीटर. २०२० मध्ये बंद झाली. तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग, त्यांची अडीच फुटी म्हणजे आमच्यापेक्षा ऐसपैस.

मुलाने मला जपानला नेलं होतं, म्हणून अधिकाराने सांगतो. गाव सांग, गाडी सांगू नकोस. जपानला जातोय हे आधी सांग. त्याला तयारी करू दे, नकाशे उघडू दे, जुन्या दोस्तांना फोन करू दे. एक गाडी मात्र लपवून ठेव. ती तुझ्या आईची.

कुठली, ते सांगतो. सगळे लोक टोकियो-क्योतो करतात. ती तोकाइदो लाइन, १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झालेली, जगातली पहिली बुलेट ट्रेनची लाइन. ती हवीच. पण मुंबई-अहमदाबादसाठी आधी जी ई-५ ठरली होती, ती हिरवी लांब नाकाची गाडी त्या लाइनवर धावत नाही. ती उत्तरेला जाते. हायाबुसा नावाने. उत्सुनोमिया सुटलं की ताशी ३२० घेते, तोकाइदोवर २८५ च्या वर जात नाही. हायाबुसात सगळ्या जागा आरक्षित असतात, तिकीट आधी काढ.

टोकियोहून ओमियाला जा. तिथे रेल्वेचं मोठं संग्रहालय आहे, २००७ सालचं. स्टेशनातून छोटी न्यू शटल घे, पुढचंच स्टेशन. बाबांना सांग, आजचा दिवस संग्रहालयाचा. दुपारी परत ओमियाला या आणि परतीच्या फलाटाऐवजी सेंदाईच्या फलाटावर चढा. ओमियाहून सेंदाई तास-सव्वा तास. जेवा, फिरा, रात्री परत.

क्योतोला जाताना उजव्या हाताची खिडकी घे. साध्या डब्यात ए-बी-सी एकीकडे, डी-ई दुसरीकडे. बाबांना ई, आईला डी, तू पलीकडे सी वर. पाऊण तासाने फुजी दिसतो, नोव्हेंबरात हवा स्वच्छ असते. मोठ्या बॅगा नेऊ नका, तिन्ही बाजूंची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली की त्या लाइनवर बॅगेच्या जागेसकट सीट आरक्षित करावी लागते. क्योतोला उमेकोजीचं इंजिन-शेड चुकवू नका. १९१४ चं अर्धगोल शेड, मध्ये इंजिन फिरवायचं टर्नटेबल, वाफेची इंजिनं ओळीत उभी. मी तिथून हललो नाही, मुलगा दोनदा चहा पिऊन आला.

आता गार्डाला गार्ड सांगतो ते. साध्या लोकलच्या शेवटच्या डब्याशी उभे राहा. कंडक्टर बोट रोखून सिग्नल दाखवतो आणि मोठ्याने बोलतो, मग फलाटावर बोट फिरवतो, मग दार बंद. आपल्याकडे ड्रायव्हर-असिस्टंट सिग्नल मोठ्याने उच्चारायचे तेच, पण तिथे हात आणि तोंड दोन्ही, आणि एकटा असला तरी. बघणारं कोणी नसताना इतक्या नेमाने करणारा माणूस बघून मला भरून आलं. आपली आयुष्यभराची शिस्त परक्या मुलखात ओळखीची निघते.

आणि स्टेशनवरच्या पुस्तकाच्या दुकानात जाड वेळापत्रक मिळतं, दर महिन्याला निघतं, १९२५ पासून. अक्षरं कळणार नाहीत, आकडे कळतात. ते घेऊन दे.

प्रतापनगरची लेक (बडोदा)

काका, तुमचं उत्तर मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. "ती तुझ्या आईची" इथे ती थांबली आणि म्हणाली, ठरलं.

खंडेनवमीला बाबा दरवर्षी शिट्टी, हातदिवा आणि दोन झंड्या पाटावर मांडून हळदकुंकू वाहतात. त्या पाटावर मी एक कागद ठेवला. सगळा प्रवास रेल्वेच्या कर्मचाऱ्यांच्या वर्किंग टाइम टेबलसारखा आखलेला, स्टेशन, आगमन, प्रस्थान, थांबा. पहिलं स्टेशन बडोदा, दुसरं दिल्ली, तिसरं टोकियो. बाबांनी चष्मा लावला, वरून खालपर्यंत वाचलं, मग पुन्हा पहिल्या ओळीवर आले. आई समोरच बसली होती, हवं ते तिला बघायला मिळालं. ते काय म्हणाले? "दिल्लीला लेओव्हर कमी ठेवलायस, मार्जिन वाढव." आणि मग उठून आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

सही त्याच दुपारी झाली, अर्जाची प्रत्येक ओळ वाचून. खंडेराव मार्केट ताई, प्रतापनगरच्या रेल्वे हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी इंग्रजी चिठ्ठी दिली, हयातीचा दाखलाही झाला. व्हिसा आला. डभोईच्या जुन्या पॉइंट्समन काकांपासून पलीकडच्या वाड्यातल्या मुलांपर्यंत सगळ्यांना बातमी त्यांनीच दिली.

प्रतापनगरची लेक (टोकियो)

पोचलो मंडळी. निघायच्या रात्री बाबांनी तिघांचे बूट पॉलिश केले, माझे सुद्धा. विमानात दर थोड्या वेळाने समोरच्या पडद्यावरचा वेग आईला वाचून दाखवत होते. थोरल्या सूनबाई, व्हीलचेअर मागितली ते फार बरं झालं, आईच्या गुडघ्यांना दिल्लीतच तिची गरज पडली.

शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा, माशांचा अर्क सूपापासून नूडल्सपर्यंत सगळ्यात असतो. आम्ही दुकानातला नुसता भात घेतो आणि घरचं मेतकूट, लसणाची चटणी, खाकरे. मजेत चाललंय.

काल एका छोट्या स्टेशनवर बाबा शेवटच्या डब्यापाशी बराच वेळ उभे होते. एका कंडक्टरने बोट रोखलं तसा यांचाही हात आपोआप उचलला गेला. त्या मुलाने बघितलं आणि टोपीला हात लावून मान लववली.

उद्या ओमिया. बाबांना फक्त संग्रहालय माहीत आहे. हायाबुसाची तीन तिकिटं आईच्या पर्समध्ये आहेत आणि तिने ती रात्री उशाशी घेतली आहेत. काका, बाबा शेजारी बसून हे वाचतायत असं समजू नका, ते वेळापत्रकात बुडालेत. पण त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय: तुमच्या गाडीच्या टपावर इतकी माणसं बसायची, ती खाली उतरल्याशिवाय तुम्ही झंडी दाखवायचा की तसेच निघायचा?