प्राध्यापकांना आधी वेळ द्या

‘प्राध्यापकच पुस्तकाबाहेरचं काही शिकवत नाहीत’ असा सूर लावला जातो, तो मला पटत नाही. इच्छा असते, वेळ नसतो. पेपर तपासणी, नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) कागदपत्रं, प्रवेशाची कामं. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला तर शिकवलेल्या तासाचेच पैसे मिळतात, तयारीचे नाहीत.

माझ्या ओळखीच्या संख्याशास्त्राच्या एका बाईंनी मुलांना पुण्यात स्वारगेटला उभं करून पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, लागोपाठच्या दोन बसमध्ये किती मिनिटं जातात ते टिपायला लावलं. सरासरी बरी दिसते, पण कधी दोन बस एकामागोमाग आणि मग अर्धा तास काहीच नाही, हे ‘प्रमाण विचलन’च (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप) सांगतं. फळ्यावर हे इतकं लख्ख कळलं नसतं. एका मुलीने तो तक्ता पुढे नोकरीच्या मुलाखतीतही दाखवला. पण आखणी, नोंदींची तपासणी, सगळं बाईंनी सुट्टीच्या दिवशी केलं.

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव असलेल्यांनी महाविद्यालयात शिकवण्याची, वाट खुली केली, ते उत्तमच. हिंजवडी-चाकणच्या आयटी कंपन्या आणि कारखान्यांतली अनुभवी माणसं वर्गात यायलाच हवीत. मात्र त्यांचा अनुभव कुठल्या धड्याशी जोडायचा, हे नेहमीच्या शिक्षकालाच ठरवावं लागतं. म्हणून असा प्रकल्प घेणाऱ्याच्या त्या सत्रातल्या तासिका कमी करा आणि मदतीला एखादा सहायक द्या.